नाण्यासोबतची चिठ्ठी

लार्स एमिल ब्रून हे डेन्मार्कमधले लोण्याचे बडे व्यापारी. लहानपणी नाणी जमवायचा नाद लागला तो अखेरपर्यंत सुटला नाही. १९२३ साली ते गेले तेव्हा नाणी, नोटा आणि पदकं मिळून सुमारे २०,००० वस्तूंचा संग्रह त्यांच्या मागे राहिला. मृत्युपत्रात त्यांनी अट घातली होती की शंभर वर्षं यातलं काहीही विकायचं नाही. पहिल्या महायुद्धात युरोपची झालेली राखरांगोळी त्यांनी पाहिली होती. उद्या आपल्या देशाचा राष्ट्रीय नाणेसंग्रह अशाच एखाद्या युद्धात नष्ट झाला, तर त्याची जागा घ्यायला हा संग्रह शाबूत असावा, हा त्यामागचा विचार. शंभर वर्षांत तशी वेळ आली नाही, तर तो विकून पैसे वंशजांनी घ्यावेत. तशी वेळ आली नाही, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये लिलाव सुरू झाला.

ती बातमी आली तेव्हा सगळीकडे चर्चा किमतींची झाली. माझ्या डोक्यात मात्र ती शंभर वर्षं घोळत राहिली. ज्यांनी ही नाणी ब्रून यांच्यासोबत बसून पाहिली असतील, त्यांच्यापैकी एकही माणूस उरलेला नसताना, कुठलं नाणं कोणतं हे पुढच्यांना कळावं कसं? त्याची सोय आधीच झालेली होती. ब्रून यांच्या संग्रहाची छापील सूची १९२८ सालीच निघाली होती. नाणेशास्त्रातले लोक त्या सूचीतले क्रमांक संदर्भ म्हणून वापरत आले. संग्रह कुलपात होता, तरी त्याची माहिती जगात वावरत होती.

मी स्वतः फार वर्षांपासून नाणी जमवते. नव्याने या छंदात पडलेले लोक भेटले की पहिला प्रश्न ठरलेला असतो, नाणी ठेवायची कशात? दुसरा प्रश्न, ती मांडायची कशी? आणि वय थोडं पुढे गेलेलं असेल तर तिसरा, माझ्यामागे यांचं काय? तिन्ही प्रश्नांना माझ्याकडे वेगवेगळी उत्तरं आहेत, पण त्यांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. नाणं आणि त्याची माहिती यांची ताटातूट होऊ द्यायची नाही. धातू टिकला आणि माहिती गेली, तर मागे उरतो तो नाण्यांचा ढीग. त्याला संग्रह म्हणता येत नाही.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. एक परिचित गेले. काही महिन्यांनी त्यांच्या मुलाने घरी बोलावलं. म्हणाला, "ताई, बाबांची नाणी जरा बघून द्या, आम्हाला त्यातलं काही कळत नाही." वडिलांची नाणी जुन्या, पिवळ्या पडलेल्या कागदी पाकिटांत होती. मुलाने मोठ्या मायेने ती सगळी बाहेर काढून नव्या कोऱ्या अल्बममध्ये लावली होती, मोठी आधी, छोटी नंतर. पाकिटं त्याने टाकली नव्हती. बाबांचं अक्षर आहे म्हणून गठ्ठा करून वेगळी जपून ठेवली होती.

अल्बम देखणा झाला होता. पण कुठलं पाकीट कुठल्या नाण्याचं, हे आता कुणालाच सांगता येत नव्हतं.

मग आम्ही दोघं तराजू घेऊन बसलो. गृहस्थ शिस्तीचे, त्यामुळे बऱ्याच पाकिटांवर दोन दशांशांपर्यंत वजन लिहिलेलं होतं. एकेक नाणं तोलायचं, आकडा म्हणायचा, आणि मुलाने गठ्ठ्यातून तो शोधायचा. हाताने पाडलेल्या जुन्या नाण्यांचं वजन एकासारखं दुसऱ्याचं नसतं, म्हणून हे जमत होतं. एका पाकिटावर वजनाखाली लिहिलं होतं, "चारच्या काट्यावर कड ठोकलेली." काशाचं एक छोटं नाणं भिंगाखाली धरलं. राजाचा मुखवटा सरळ ठेवला, तर घड्याळात चार जिथे असतात तिथे कडेला नखाएवढीसुद्धा नाही अशी एक चेप होती. जोडी लागली तेव्हा त्या मुलाच्या चेहऱ्यावर जे उमटलं, ते बाबांच्या फोटोकडे पाहतानाही उमटलं नसेल असं मला वाटून गेलं. त्या पाकिटावर पुढे हेही होतं की हे नाणं त्यांना कुणी दिलं आणि का दिलं.

यंत्रावर पाडलेल्या नाण्यांचं मात्र तसं होत नाही. ती वजनाला सारखीच. आणि काही पाकिटांवर फक्त "सुंदर" एवढाच शब्द होता. त्या पाकिटांच्या जोड्या लागल्या नाहीत.

तेव्हापासून माझ्याकडच्या प्रत्येक नाण्याला क्रमांक आहे. तो क्रमांक तीन ठिकाणी असतो: नाण्यासोबतच्या चिठ्ठीवर, वहीत, आणि नाण्याच्या दोन्ही बाजूंच्या फोटोंच्या नावात. चिठ्ठी हरवली तरी फोटोवरून नाणं ओळखू येतं. चिठ्ठी आम्लरहित कागदाची आणि शाईच्या पेनाऐवजी पेन्सिलीने लिहिलेली. पेन्सिलीचं ग्राफाइट पाण्याने पसरत नाही आणि उजेडाने उडत नाही.

आता ठेवण्याबद्दल. नाणी खराब होतात ती बहुतेकदा ठेवणाऱ्याच्या मायेनेच होतात. मऊ, लवचीक, पारदर्शक प्लास्टिकची पाकिटं दिसायला छान, वापरायला सोपी. त्यातली बरीचशी पीव्हीसीची असतात. ते प्लास्टिक मऊ राहावं म्हणून त्यात जे तेलकट पदार्थ घातलेले असतात ते हळूहळू बाहेर झिरपतात, आणि प्लास्टिक स्वतः विघटित होऊ लागलं की त्यातून हायड्रोक्लोरिक आम्ल सुटतं. तांबं असलेल्या नाण्यावर मग हिरवट, चिकट थर धरतो. पाकीट उघडल्यावर येणारा तो नव्या रेनकोटासारखा वास ही पहिली सूचना समजावी.

खात्री करायची असेल तर एक जुनी चाचणी आहे. तांब्याची तार ज्योतीत लाल होईपर्यंत तापवायची, ती प्लास्टिकच्या तुकड्याला टेकवायची आणि पुन्हा ज्योतीत धरायची. ज्योत हिरवी झाली तर त्या प्लास्टिकमध्ये क्लोरीन आहे. ही चाचणी नाण्यांपासून लांब आणि मोकळ्या हवेत करावी, कारण निघणारा धूर चांगला नसतो. पॉलिथिलीन, पॉलिप्रॉपिलीन आणि मायलार (पॉलिएस्टरची पातळ पारदर्शक फिल्म) हे सुरक्षित पर्याय आहेत. मायलारची खिडकी असलेली पुठ्ठ्याची चौकट मला सगळ्यात सोयीची वाटते, कारण नाव-क्रमांक तिच्यावरच लिहिता येतो. फक्त तिला मारलेल्या स्टेपलरच्या पिना पक्कडीने दाबून सपाट करायच्या. नाहीतर शेजारच्या चौकटीतल्या नाण्यावर ओरखडा आलाच म्हणून समजा.

लाकडाच्या कपाटाचा मोह मला अजूनही सुटत नाही. गोल खोबण्यांचे उथळ खण, प्रत्येक खोबणीत एक नाणं, खाली त्याची चिठ्ठी. यापेक्षा सुंदर सोय माणसाने नाण्यांसाठी केलेली नाही. पण लाकूड लाकडात फरक आहे. ओकसारख्या लाकडातून ॲसेटिक आम्लाची वाफ सुटत राहते आणि शिसं असलेल्या वस्तूंना ती खाऊन टाकते. म्हणूनच जुने कपाटवाले महोगनीला पसंती देत आले. प्लायवुड आणि एमडीएफमधल्या डिंकाचं तेच दुखणं. खणात लोकरीचं फेल्ट घातलं तर त्यातल्या गंधकाने चांदी काळवंडते. रबर बँडनेही तेच होतं. नाण्यांच्या गुंडाळीवर राहिलेला रबर बँड चांदीवर कायमची रेघ उठवतो.

दमटपणा हा सगळ्यांत मोठा वैरी. जमिनीतून निघालेल्या तांब्या-काशाच्या नाण्यांत क्लोराइड दडलेलं असतं. हवा दमट झाली की ते जागं होतं आणि नाण्यावर फिकट हिरव्या पिठासारखे ठिपके उमटतात. जुन्या नाण्यावरचा गडद, गुळगुळीत हिरवा रंग वेगळा, त्याला हात लावायचा नाही. हे ठिपके पोखरणारे असतात आणि नखाने खरवडले तर भुगा पडतो. असं नाणं ताबडतोब बाकीच्यांपासून वेगळं करून कोरड्या डबीत ठेवावं. डबीतली सापेक्ष आर्द्रता ४० टक्क्यांच्या खाली राहिली तर हा रोग थंडावतो. सिलिका जेलच्या पुड्या ठेवायच्या आणि त्या अधूनमधून तापवून पुन्हा कोरड्या करायच्या, हे विसरलं जातं. ओल पिऊन तुडुंब झालेली पुडी काही कामाची नसते. आगीपासून वाचवणाऱ्या तिजोऱ्यांच्या भिंतींत ओलावा धरणारा पदार्थ भरलेला असतो, त्यामुळे आतली हवा बाहेरच्यापेक्षा दमट असू शकते. तिथे तर या पुड्या हव्याच.

आणि कृपा करून नाणी घासू नका. हे मी हात जोडून सांगते. चिंच नाही, टूथपेस्ट नाही, भांडी घासायची पावडर नाही, मऊ फडकंसुद्धा नाही. टाकसाळीत साच्याचा दाब बसतो तेव्हा धातू मध्यापासून कडेकडे सरकतो आणि पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक रेषा उठतात. न वापरलेलं चांदीचं नाणं दिव्याखाली तिरपं धरून हळूहळू फिरवलं, की या रेषांवरून उजेडाचा पट्टा चाकाच्या आऱ्यांसारखा गोल फिरतो. एकदा पाहिलं की माणूस त्या नाण्याच्या प्रेमात पडतो. एकदा घासलं की त्या रेषा जातात, आणि मग जगातलं कुठलंही औषध त्या परत आणू शकत नाही. घासलेलं नाणं चमकतं, पण ती चमक मेलेली असते. पीव्हीसीचा चिकटा काढायचाच असेल तर शुद्ध ॲसिटोनमध्ये, काचेच्या भांड्यात, न चोळता बुडवून काढावं. तेही खिडकी उघडी ठेवून आणि आसपास ज्योत नाही हे पाहून. नेलपॉलिश काढायच्या बाटलीत सुगंध आणि तेलं मिसळलेली असतात, ती नको.

बोटांचंही तसंच. नाणं कडेने धरायचं आणि खाली जाड मऊ कापड अंथरायचं. तांब्याच्या ताज्या नाण्यावर टेकवलेला अंगठा त्या दिवशी दिसत नाही. घामातले क्षार आणि आम्लं सावकाश काम करतात, आणि पुढे कधीतरी त्या जागी तपकिरी रंगात अंगठ्याचा अख्खा ठसा उमटून येतो. माझ्याकडे अशा ठशासकट आलेलं एक नाणं आहे. तो ठसा आता त्या धातूचाच भाग आहे. मी त्याची नोंद केली आहे आणि शिकणाऱ्यांना ते नाणं मुद्दाम दाखवते.

नाणं स्वतःबद्दल सगळं सांगतं, मग चिठ्ठी कशाला, असं काहींना वाटतं. त्यांना मी मारिया थेरेसाचा थेलर दाखवते. चांदीचं मोठं, भरदार नाणं. सुमारे २८ ग्रॅम वजन, जवळजवळ ४० मिलिमीटर व्यास. एका बाजूला डोक्यावरून पदर घेतलेली, भरल्या अंगाची ऑस्ट्रियाची महाराणी, दुसऱ्या बाजूला दोन डोक्यांचा गरुड. त्याच बाजूला साल १७८०. महाराणी त्याच वर्षी नोव्हेंबरात वारली. पण या नाण्यावर लाल समुद्राच्या दोन्ही तीरांवरच्या व्यापाऱ्यांचा इतका विश्वास बसलेला होता की दुसरा शिक्का ते घ्यायला तयार होईनात. म्हणून तेच साल घालून ते पाडत राहिले. आधी ऑस्ट्रियात, मग विसाव्या शतकात रोम, लंडन, मुंबई अशा कितीतरी टाकसाळींत. म्हणजे १७८० साल असलेला थेलर खुद्द महाराणीच्या काळातला असेल किंवा माझ्या जन्माच्या आसपासचाही असेल. ते ओळखायला तिच्या खांद्यावरच्या पिनेतले मोती आणि गरुडाची पिसं भिंगातून मोजत बसावं लागतं. नाणं खोटं बोलत नाही, पण ते जे सांगतं ते पुरेसं नसतं. माझा थेलर नक्की कुठल्या टाकसाळीचा हे मी कशावरून ठरवलं, ते चिठ्ठीच्या मागच्या बाजूला लिहिलेलं आहे. पुढे कुणी जास्त जाणकार आला तर त्याला माझं म्हणणं तपासता येईल आणि खोडताही येईल.

याच नाण्याने मला मांडणीबद्दलही शिकवलं. चौकटीत नाणं लावलं की एकच बाजू दिसते, दुसरी कायमची भिंतीकडे. थेलरला तर तिसरी बाजूही आहे. त्याच्या कडेवर महाराणीचं ब्रीद लॅटिनमध्ये उमटवलेलं आहे, न्याय आणि दया. चांदी कुरतडून चोरणाऱ्यांना चाप बसावा म्हणून नाण्यांच्या कडांवर अक्षरं किंवा खाचा आल्या. भिंतीवरच्या चौकटीत हे सगळं गडप होतं. म्हणून थेलर मी चौकटीत लावत नाही. पारदर्शक ॲक्रिलिकच्या उभ्या धारकात ठेवते आणि मागे लहानसा आरसा. बाकीच्या नाण्यांच्या शेजारी दुसऱ्या बाजूचा फोटो असतो. फोटो सगळे एकाच प्रमाणात छापते. नखाएवढं नाणं आणि तळहातभर नाणं कागदावर सारख्याच आकाराचं दिसलं तर बघणाऱ्याची फसगत होते.

एका वेळी थोडीच नाणी मांडावीत. सगळा खण पुढ्यात ठेवला तर पाहुणा दोन मिनिटं कौतुकाने बघतो आणि मग त्याचे डोळे थकतात. त्यापेक्षा एक धागा घ्यावा. कडांवरची अक्षरं, नाण्यांवरची जहाजं, युद्धकाळात धातूची टंचाई झाली तेव्हा पाडलेली जस्ताची आणि लोखंडाची नाणी. अमेरिकेने १९४३ साली तांबं दारूगोळ्यासाठी राखून सेंट पोलादाचे काढले होते, वर जस्ताचा मुलामा देऊन. ते आज गंजलेले सापडतात. अशी चार-पाच नाणी शेजारी ठेवली तर युद्धावर वेगळं बोलावं लागत नाही. आणि एक थाळी नेहमी हातात घेण्यासाठी असावी, झिजलेल्या, साध्या, खराब व्हायचं ते होऊन गेलेल्या नाण्यांची. मुलं या छंदात येतात ती या थाळीमुळे. काचेआडच्या नाण्याला ती "छान आहे" म्हणतात आणि पुढे जातात. हातातल्या झिजक्या नाण्याला मात्र विचारतात, "हे इतकं गुळगुळीत कुणी केलं?"

फोटो समाजमाध्यमांवर टाकताना त्यात ठिकाणाची माहिती जाणार नाही हे पाहावं, आणि संग्रह घरी आहे की लॉकरमध्ये याची वाच्यता करू नये. याहून जास्त त्यावर बोलण्यासारखं नाही.

पुढे देण्याचा प्रश्न मात्र मला वर्षानुवर्षं छळत आला आहे. इटालियन कवी पेट्रार्क यांनी १३५४ साली, लवकरच पवित्र रोमन सम्राट होणाऱ्या चौथ्या चार्ल्सला प्राचीन रोमन सम्राटांचे मुखवटे असलेली सोन्या-चांदीची नाणी भेट दिली. ज्यांचा तू वारस आहेस ते कसे होते ते बघ आणि त्यांच्यासारखा हो, असा त्यामागचा आग्रह होता. स्वतः जिवंत असताना, समोर बसून, कुठलं नाणं कुणाचं हे सांगत दिलेली ही भेट. मला वाटतं देण्याची सगळ्यात चांगली रीत हीच.

शरीरशास्त्रज्ञ विल्यम हंटर यांनी आपला अवाढव्य संग्रह, नाण्यांसकट, ग्लासगो विद्यापीठाला दिला. ते १७८३ साली वारले आणि संग्रहालय लोकांसाठी उघडलं १८०७ साली. आजही त्यांची नाणी तिथे अभ्यासली जातात. पण आपल्यासारख्यांनी संग्रहालयाकडे जाताना मनाची तयारी ठेवावी. त्यांच्याकडे नसलेली दोन नाणी त्यांना हवी असतात, असलेली दोनशे नको असतात. "सगळी एकत्रच ठेवा, कायम मांडून ठेवा" अशा अटी घातल्या तर ते नम्रपणे नाही म्हणतात, आणि त्यात त्यांची चूक नसते.

दुसरं टोक लुईस एलियासबर्ग यांचं. बाल्टिमोरच्या या बँकरने १९५० पर्यंत अमेरिकेच्या नाण्यांचा त्या काळी माहीत असलेला प्रत्येक प्रकार मिळवला, आणि ती नाणी लोकांना बघायला मांडली. १९७६ साली ते गेल्यावर संग्रह दोन मुलांत वाटला गेला. सोन्याची नाणी १९८२ मध्ये विकली गेली, बाकीची १९९६ आणि १९९७ मध्ये. संग्रह फुटला म्हणून हळहळणारे पुष्कळ आहेत. मला तेवढं वाईट वाटत नाही. कारण आज त्यातलं एखादं नाणं हातोहात फिरतं तेव्हा "हे एलियासबर्गकडचं" ही ओळख त्याच्यासोबत जाते. विखुरली तरी ती नाणी निनावी झाली नाहीत.

माझा संग्रह त्यांच्या पासंगालाही पुरणार नाही, पण ठरवणं मलाही भाग आहे. मी फाईलमध्ये एक पत्र करून ठेवलं आहे. त्यात लिहिलं आहे की वही कुठे आहे, फोटो कुठे आहेत, कुठली नाणी विकली तरी चालतील, कुठली विकण्याआधी दोन वेगवेगळ्या जाणकारांना दाखवावीत. वजनावर धातू म्हणून कुणी मागितली तर द्यायची नाहीत. चिठ्ठ्यांपासून नाणी वेगळी करायची नाहीत, हे वाक्य मी दोनदा लिहिलं आहे. आणि हेही, की कुणाला यात गोडी नसेल तर अपराधी वाटून घेऊ नये. माझा छंद हे त्यांच्या डोक्यावरचं ओझं व्हायला नको. ज्याला गोडी आहे अशा परक्याच्या हातात नोंदीसकट गेलेलं नाणं मला जास्त आवडेल.

भाचीला गोडी आहे. ती आली की आम्ही एक खण काढून बसतो. ती फोटो घेते, मी वजन सांगते, ती लिहिते. परवा तिने माझ्याच एका जुन्या चिठ्ठीवर बोट ठेवून विचारलं, "मावशी, इथे 'बहुधा' लिहिलंयस, ते कशावरून?" मला आठवेना. आम्ही नाणं काढलं, भिंग घेतलं, पुस्तकातला नमुना शेजारी धरला आणि 'बहुधा' खोडलं. खाली तिने आपल्या अक्षरात कारण आणि तारीख लिहिली. आता त्या चिठ्ठीवर आम्हा दोघींची अक्षरं आहेत.

थेलर तिच्याकडे जाणार हे ठरलं आहे, आणि माझ्या पश्चात नाही, तिच्या येत्या वाढदिवसाला. तांब्याच्या नाण्यांचं अजून ठरायचं आहे. तिच्या धाकट्या भावाला ती आवडतात असं ती सांगते. सुट्टीत तो आला की आधी हाताळायची थाळी त्याच्यापुढे ठेवणार आहे, आणि नाणं कडेने कसं धरायचं ते दाखवायचं काम ताईकडे सोपवणार आहे.